संगमरवरी शिल्पांवरील मूळ रंग : पुरावा किती, अनुमान किती?

प्रश्न
ग्रीक शिल्पे मुळात रंगवलेली असत, हे आता बहुतेकांना मान्य आहे. परंतु अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरील 'पेप्लोस कोरे' (पेप्लोस हे वस्त्र नेसलेली तरुणी) या इ. स. पूर्व ५३०च्या सुमाराच्या मूर्तीच्या दोन रंगीत प्रतिकृतींची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि गोंधळ उडाला. केंब्रिजमध्ये १९७५ साली रंगवलेल्या प्रतिकृतीत वस्त्र लाल आहे, तर जर्मन पुरातत्त्वज्ञ व्हिन्झेन्झ ब्रिंकमन यांच्या चमूच्या प्रतिकृतीत त्यावर प्राण्यांच्या ओळी आहेत. मूर्ती एकच असताना एवढी तफावत का? डोळ्यांना न दिसणारा रंग उपकरणांना दिसतो तरी कसा?

प्रतिसाद १
दोन्ही प्रतिकृती एकाच पुराव्यावर बेतलेल्या नाहीत. रंग उडून गेला तरी दगडावर त्याची खूण राहते, कारण काही रंग लवकर उडाले, काही चिवटपणे टिकले आणि टिकाऊ रंगाखालचा संगमरवर ऊन-पावसापासून अधिक काळ वाचला. त्यामुळे पृष्ठभागात किंचित उंचसखलपणा येतो. दिवा बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की त्याच्या सावल्या पडतात आणि पुसलेल्या नक्षीच्या कडा उठून दिसतात. प्राण्यांच्या ओळी अशाच तिरप्या प्रकाशात आणि अतिनील छायाचित्रांत वाचल्या गेल्या. मात्र कड सापडली म्हणून आतला रंग कोणता हे कळत नाही, आणि मतभेद तिथेच सुरू होतात.

प्रतिसाद २
निळ्याबाबत पुरावा बराच पक्का असतो. वाळू, चुना आणि तांब्याचे संयुग एकत्र भाजून केलेला 'इजिप्शियन निळा' दृश्य प्रकाश शोषतो आणि सुमारे ९१० नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकतो. मूर्तीवर लाल प्रकाश टाकून कॅमेऱ्यापुढे केवळ अवरक्त किरण जाऊ देणारा फिल्टर लावला, की काळ्या चित्रात या रंगाचा कणन्‌कण पांढरा चमकतो. जोव्हान्नी वेर्री यांनी या पद्धतीने २००९ साली ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन या ॲक्रोपोलिसवरील मंदिराच्या शिल्पांतील आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर हा रंग शोधला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो पार्थेनॉनच्या त्रिकोणी दर्शनी भागांवरच्या ११ मूर्तींवर आढळला. सूर्यदेव हेलिओस ज्या लाटांतून वर येतो, त्यांवरही तो आहे. वस्त्राच्या चुण्या इतक्या नाजूक कोरल्यानंतरही त्यांवर नक्षी रंगवली जाई, ही बाब मला या शोधात सर्वांत मोलाची वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. इतर रंग ओळखण्यासाठी मूर्तीचा नमुना काढावा लागतो का?

प्रतिसाद ३
पुष्कळदा नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण टाकल्यावर मूलद्रव्यांतून परत येणारे किरण मोजून, दगडाला स्पर्श न करता मूलद्रव्ये कळतात : पारा म्हणजे बहुधा लाल हिंगूळ, शिसे म्हणजे बहुधा पांढरा सफेदा. तांबे मात्र निळ्यातही असते आणि हिरव्यातही, तर लोह गेरूमधून आले की मूर्ती पुरली गेली त्या मातीतून, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. अशा वेळी रामन वर्णपटमापनाने, म्हणजे लेसरचा प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून, संयुग ओळखतात. मंजिष्ठेसारखे वनस्पतिजन्य रंग क्ष-किरणांना जवळजवळ दिसत नाहीत, पण अतिनील प्रकाशात ते गुलाबी-नारिंगी उजळतात. रंग मेणात कालवला होता की अंड्यात, हे ठरवायला मात्र सहसा सूक्ष्म नमुना लागतोच. शिवाय रंग थरांवर थर देऊन चढवत असत. ब्रिटिश म्युझियममधील 'ट्रॉय हेड' (Treu Head; ट्रॉय शहराशी संबंध नाही) या रोमन स्त्रीमस्तकाच्या त्वचेच्या छटेत इजिप्शियन निळाही मिसळलेला आहे. म्हणूनच एकाच सपाट रंगाने लिंपलेल्या प्रतिकृती मला अपुऱ्या वाटतात, आणि कोणता भाग मोजमापावर व कोणता अनुमानावर उभा आहे याचा नकाशा प्रत्येक प्रतिकृतीसोबत मांडला जावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.