मराठी पत्रक बंद करा म्हणे!

खानापूरचा मोटरवाला: काल कुणीतरी इथं लिहिलंय, मशीनसोबत येणारं मराठी पत्रक छापणंच बंद करा, वाचून नुसतं हसायला येतंय, इंग्लिश सगळ्यांना कळतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला ओ? आमच्या बाबांनी पाण्याचा 2 एचपीचा मोनोब्लॉक पंप आणला, पत्रकात लिहिलेलं 'सुरू करण्यापूर्वी पंपास प्रधान करावे'. प्राइमिंग ओ! आधी वरनं पाणी भरा, एवढंच सांगायचं होतं. बाबांना वाटलं प्रधान म्हणजे मेन स्विच असणार, दाबला. पाइपात पाणी धरून ठेवणारा खालचा फूटव्हॉल्व्ह गळका, पाइपात थेंब नाही, मोटर कोरडीच फिरली. आतलं सील पाण्यावरच थंड राहतं, ते तापून तडकलं. लाईट गेली म्हणून वाइंडिंग तरी वाचलं. आता हसा.

उद्यमबागी: नवा पंप आणून फूटव्हॉल्व्ह जुनाच ठेवला ना? मग पत्रकाला कशाला शिव्या. 20 वर्षं मशीन बसवतोय, पत्रक आम्ही टेबल हलतंय तिथं पायाखाली घालतो. 'पृथ्वीशी जोडा' म्हणे, अर्थिंग द्या म्हटलं की पोरगंसुद्धा देतंय. कन्नड पत्रकंही तसलीच, आमचा कन्नड फिटर वाचून दाखवतो आणि पोट धरून हसतो.

पुण्यात स्थायिक: पत्रकाचं राहू दे, 'लाईट गेली' नाही हो, 'लाईट गेले'. आधी आपली मराठी सुधारा, मग भाषांतरकाराला बोला.

शहापूरची सून: आमच्या मिक्सरवर 'धावताना झाकण उघडू नये'. सासूबाई म्हणाल्या, धावत धावत चटणी कोण वाटतंय गं? आणि पुणेकर, दिवे तुमच्यात जातात, आमच्यात लाईट जाते.

पुण्यात स्थायिक: व्याकरण सगळीकडं सारखंच असतं.

खानापूरचा मोटरवाला: 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून आम्ही मराठीसाठी भांडतोय, मोर्चे काढून काढून चपला झिजल्या, आणि तुम्ही तिकडं बसून आम्हाला अनेकवचन शिकवताय?

शहापूरची सून: तिकडं जाऊन पोरांना इंग्लिश मीडियमला घातलं असंल, विचारा की!

पुण्यात स्थायिक: पोरांना मध्ये आणायचं काम नाही.

निपाणीकर: भांडा भांडा. आमच्या चुलत्यांनी तंबाखूवर मारायचं औषध आणलं, लेबलावर खालचा त्रिकोण हिरवा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा शेवटी. चुलते म्हणाले, हिरवा म्हणजे पिकाला चांगला, आणि उघड्या हातानं कालवलं, दोन दिवस हाताची आग आग. हिरवंसुद्धा विषच, एवढं साध्या मराठीत कुणी लिहायचं? आत पत्रक होतं की, मराठीच, पण 'त्वचासंपर्क परिहार्य' (अंगाला लागू देऊ नका, एवढंच सांगायचं होतं) वाचून त्यांनी त्यातच तंबाखू बांधली.

उद्यमबागी: बरं बाबा, औषधावर छापा. मिक्सरवर नको.

खानापूरचा मोटरवाला: उपकार झाले! फूटव्हॉल्व्ह जुनाच होता, तेही मान्य. पण छापायच्या आधी एखाद्या वायरमनला वाचून दाखवायला काय जातंय, चहा मी पाजतो.

पुण्यात स्थायिक: गणपतीला येतोय गावी. तेव्हा लाईट गेले तर बघू.

खानापूरचा मोटरवाला: या की. गेली तर बघू.