मेलानोमा: दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन, की चार बोटं आणि एक सोनोग्राफी?

टाचेवरचा_डाग (धागाकर्ती)

आईच्या डाव्या टाचेवर काळा डाग होता आणि आम्ही सगळे त्याला तीन वर्षं कुरूप म्हणत होतो. कोथरूडच्या औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून लावल्या, एकदा तर खरवडूनही घेतलं. रक्त थांबेना तेव्हा बायोप्सी झाली. मेलानोमा निघाला, तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली होणारा अ‍ॅक्रल प्रकार. आपल्याकडे हा कर्करोग मुळात कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा असाच पायाला होतो. उन्हाशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं, त्यामुळे 'सावळ्या माणसांना त्वचेचा कॅन्सर होत नाही' या भरवशावर आम्ही आरामात होतो.

रिपोर्ट असा: जाडी 2.6 मिलिमीटर, वर व्रण, जांघेतली सेंटिनेल गाठ, म्हणजे आजार पसरला तर आधी जिथे पोचतो ती गाठ, काढून तपासली ती स्वच्छ. स्टेज 2बी. टाचेचा भाग काढून मांडीची कातडी लावली, त्याला पाच महिने झाले. आई 61 वर्षांची आहे, मधुमेह आहे, बाकी ठणठणीत.

भांडण आता पुढच्या तपासण्यांचं आहे. पहिले डॉक्टर म्हणतात, दर तीन महिन्यांनी पेट-सीटी, पाच वर्षं. म्हणजे वीस स्कॅन. आम्ही पहिल्या स्कॅनला 14 हजार मोजले, त्या दराने 2 लाख 80 हजार. अ‍ॅडमिशन नसल्यामुळे मेडिक्लेमने हात वर केले आहेत. दुसरे डॉक्टर म्हणतात, दर तीन महिन्यांनी मी स्वतः हाताने तपासतो, जांघेची सोनोग्राफी करू, स्कॅनचं सहा महिन्यांनी बघू, आणि तोही पहिली दोन वर्षंच.

मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूची आहे. अमेरिकेतल्या कॅन्सर केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. 1ए ते 2ए या स्टेजना काही लक्षण नसेल तर नेहमीचे स्कॅन नकोत, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. 2बीपासून पुढे पहिली दोन वर्षं दर 3 ते 12 महिन्यांनी, नंतर तीन वर्षं 6 ते 12 महिन्यांनी स्कॅनचा 'विचार करा', असं आहे. करा असं नाही, विचार करा. तीन आणि बारा यांच्यात चौपट फरक आहे! त्यातला तीनच का उचलायचा? नेदरलँड्समध्ये 180 रुग्णांवर अभ्यास झाला होता, त्यात तपासण्या कमी केल्या म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही, उलट परत आलेला आजार बराचसा रुग्णांनी स्वतःच ओळखला होता.

आणि स्कॅनच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात काय वातावरण असतं ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

पर्वती_पायथा

ताई, त्रास समजतो, पण तुमच्या मताशी असहमत. तुम्ही शोधलेला अभ्यास डॉक्टरांच्या फेऱ्या कमी करण्याबद्दलचा आहे, स्कॅनबद्दलचा नाही. आणि 180 माणसं म्हणजे आमच्या सोसायटीची एक विंग. तेवढ्यावर आईच्या बाबतीत निर्णय घेऊ नका.

माझ्या थोरल्या भावाचा मेलानोमा अंगठ्याच्या नखाखालचा. त्याची स्टेज तिसरी होती, गाठीत उतरलेला. अकराव्या महिन्यात स्कॅनमध्ये फुप्फुसावर नऊ मिलिमीटरचा ठिपका दिसला. ना खोकला, ना दम, रोज पर्वती चढत होता. हात लावून कुणाला कळलं असतं? लगेच इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारी औषधं, सुरू झाली आणि आज तीन वर्षांनी ठिपका नाही. वाट बघितली असती तर कधी कळलं असतं, याचा विचार करून मला अजून रात्री झोप लागत नाही.

पैसे परत कमावता येतात.

हिशेबवही

पर्वतीकाका, भाऊ बरे आहेत याचा आनंद आहे, पण या गोष्टीवरून 'स्कॅनमुळे वाचले' हे सिद्ध होत नाही. मुंबईहून डेक्कन क्वीन येते. तुम्ही लोणावळ्याला उभे राहिलात तर ती तुम्हाला शिवाजीनगरच्या माणसाच्या तासभर आधी दिसेल. पण म्हणून ती पुणे स्टेशनात आधी पोचत नाही. आजार लवकर दिसला की 'कळल्यापासून किती वर्षं जगला' हा आकडा आपोआप वाढतो. माणूस जास्त जगला की नाही, हा प्रश्न वेगळा.

आणि स्टेज 3 आणि 2बी यांना एकाच तराजूत टाकू नका.

पर्वती_पायथा

उदाहरण झकास आहे, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा लोणावळ्याला गाडी दिसून करायचं काय होतं? डकारबाझीन नावाचं एक औषध, त्याचाही फार उपयोग नाही. 2011 मध्ये इपिलिम्युमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आलं, 2014 मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. पसरलेल्या मेलानोमात इपिलिम्युमॅब आणि निवोलुमॅब जोडीने दिलेल्यांपैकी 43 टक्के लोक दहा वर्षांनीही हयात होते, हे प्रसिद्ध झालेलं आहे. या औषधांना गाठी लहान आणि थोड्या असतात तेव्हा जास्त यश येतं. म्हणजे आता लोणावळ्यालाच गाडी थांबवता येते. मग तिथे माणूस उभा नको?

हिशेबवही

हा मुद्दा मान्य, अर्धा. लहान गाठींवर औषध चांगलं चालतं, हे खरं. पण ज्यांचा आजार मुळातच सावकाश वाढतो त्यांच्याच गाठी स्कॅनला लहान सापडतात, म्हणजे तिथेही निवड आधीच झालेली असते. दर तीन महिन्यांच्या स्कॅनने सहा महिन्यांपेक्षा जास्त माणसं वाचतात, असं दाखवणारी चाचणी समोर ठेवा, मी लगेच बाजू बदलतो.

आणि ती औषधं एकेका डोसला लाखाच्या घरात जातात. तीन लाख स्कॅनवर घालवून बसलेल्या घराने ती आणायची कुठून? 'पैसे परत कमावता येतात' हे वाक्य पेन्शनवर जगणाऱ्याला ऐकवून बघा.

काळी_फिल्म

मी रेडिओलॉजिस्ट आहे, स्कॅन वाचणं हेच पोट. त्यामुळे माझं मत धंद्याच्या विरुद्ध जातंय हे आधीच सांगून टाकतो.

पेट स्कॅनला मेलानोमा ओळखू येत नाही. त्याला साखर ओढणाऱ्या पेशी दिसतात, बस. किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली साखर टोचतो, तासभर निवांत पडायला सांगतो, मग जिथे ती जास्त गोळा झाली तिथे दिवा लागतो. कर्करोग साखर ओढतो. टीबीची गाठही ओढते, जंतुसंसर्गही ओढतो, नुकतीच लस घेतली असेल तर काखेतल्या गाठीही ओढतात. आपल्या देशात जुन्या टीबीच्या खुणा छातीत घेऊन किती लोक फिरतात! असा एक दिवा लागला की पुढे सुई, बायोप्सी आणि महिनाभर जीव टांगणीला.

पायाच्या रुग्णात तर आणखी मजा. पायाला चिखल्या झाल्या, नखुरडं झालं, ठेच लागली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, हे माझ्या आजीला माहीत होतं. पेट स्कॅनला माहीत नाही.

उलटं म्हणजे मेंदू. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की तिथला बारीक डाग पेटमध्ये हरवून जातो. मेलानोमाला मेंदूत जायची खोड आहे, आणि त्यासाठी एमआरआय लागतो. पेट स्वच्छ आला म्हणून डोकंही स्वच्छ, असं धरून चालणारे रोज भेटतात. चार-पाच मिलिमीटरच्या आतलं काहीही पेटमध्ये बहुधा सुटतं, तेही लक्षात ठेवा.

किरणांचं म्हणाल तर निसर्गातून जगात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, पूर्ण पेट-सीटीत 20-25 पर्यंत जाऊ शकतात. पण 61 वर्षांच्या 2बी रुग्णात मी या कारणाने स्कॅन नाकारणार नाही, तिला आजाराचा धोका किरणांपेक्षा कितीतरी मोठा. 28 वर्षांची, पातळ मेलानोमाची मुलगी असेल तर मात्र नाकारेन.

सोनोग्राफीला कमी लेखू नका. सेंटिनेल गाठीत आजार सापडलेल्या 1,900 हून जास्त रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2017 मध्ये आले. अर्ध्यांच्या उरलेल्या सगळ्या गाठी काढल्या, अर्ध्यांवर नुसती सोनोग्राफीने नजर ठेवली, पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी. मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंत फरक पडला नाही. किरण शून्य, आणि खर्च पेटच्या पासंगालाही नाही. फक्त प्रोब धरणारा हात बरा हवा.

नदीपात्र

म्हणजे एकूण पुण्यात एवढी स्कॅन सेंटरं चालतात कशी, तेही सांगा डॉक्टर. 'कट', म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, हा शब्द इथे कुणीच कसा उच्चारला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

काळी_फिल्म

उच्चारा की. कट आहे. पण तीन महिन्यांनी स्कॅन लिहिणारा प्रत्येक जण कटासाठी लिहितो असं नाही. बऱ्याच जणांना 'तुम्ही वेळेवर का नाही सांगितलं' या प्रश्नाची भीती असते. नातेवाईक कागद मागतात, हाताने तपासल्याची फिल्म निघत नाही.

मांजराकाठ

तुमची सगळी चर्चा पुण्यात राहणाऱ्यांची आहे, म्हणून माझं ऐका. माझे सासरे लातूर जिल्ह्यातले, मेलानोमा तळव्याचा, स्टेज 2सी. ऑपरेशन पुण्यात झालं. 'दर तीन महिन्यांनी तज्ज्ञाने हाताने तपासायचं' हे वाक्य कागदावर स्वस्त दिसतं. आमच्यासाठी ते रात्रीची बस, सकाळी स्वारगेटला उतरून रिक्षा, दिवसभर ओपीडीत बसणं, परत रात्रीची बस, आणि सोबतच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी. गावातले डॉक्टर भले आहेत, पण मेलानोमा त्यांनी आयुष्यात एकच पाहिलाय, आमचा. जांघ तपासताना त्यांचा हात कुठे थांबायला हवा, हे त्यांनाही ठाऊक नाही. सोनोग्राफीवाला पोटाची सोनोग्राफी उत्तम करतो, गाठीची करताना गडबडतो.

म्हणून आम्ही सहा महिन्यांनी स्कॅनच निवडला. एका फेरीत सगळं उरकतं. स्कॅन नको म्हणायला जवळ चांगले डॉक्टर असावे लागतात.

हिशेबवही

याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा हिशेब पुण्यातल्या पुण्यातलाच होता.

चार_बोटं

मी स्वतः रुग्ण, स्टेज 2ए, सात वर्षं झाली. एकही पेट केला नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी माझाच हात धरून मला शिकवलं: आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने चार बोटं सपाट ठेवून जांघ गोल गोल चाचपायची, दाबायचं नाही, फिरवायचं. मग डागाच्या जागेपासून गुडघ्यामागून वर मांडीपर्यंत कातडीवर बारीक दाणा लागतो का बघायचं, कारण हा आजार परत येतो तेव्हा बऱ्याचदा याच वाटेवर आधी उगवतो. शेवटी दोन्ही तळपाय आरशात, नखं, बोटांच्या बेचक्या. महिन्यातून एकदा, मी एक तारीख ठरवलीय, वीजबिलाबरोबर लक्षात राहते.

दुसऱ्या वर्षी असाच तूरडाळीएवढा दाणा मला लागला होता. साधी चरबीची गाठ निघाली. पण शोधला मी.

ताईंच्या आईची स्टेज माझ्यापेक्षा वरची आहे, त्यामुळे माझ्यावरून त्यांनी 'एकही नको' असं ठरवू नये. बहुतेक वेळा आजार पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, तेवढी वर्षं जागं राहायलाच हवं. दहा वर्षांनी परतल्याचीही उदाहरणं आहेत, आणि तितकी वर्षं कुणीच स्कॅन करत बसत नाही. बोटं मात्र असतातच.

पर्वती_पायथा

चार_बोटं, तुमच्या शिस्तीला नमस्कार. पण माझ्या भावाचा ठिपका फुप्फुसात होता. तिथे कुणाची बोटं पोचत नाहीत. माझं म्हणणं तेच: 2बीला पहिली दोन वर्षं स्कॅन हवाच. तीन महिन्यांचा हट्ट मात्र मी सोडतो, डॉक्टरसाहेबांचं अवधाण वाचून. भावाच्या जांघेतही एकदा दिवा लागला होता. त्या वीस दिवसांत वहिनीचं वजन चार किलो उतरलं. निघालं काय, तर कुरतडलेलं नख.

नदीपात्र

हे आधी सांगायचं ना काका!

टाचेवरचा_डाग (धागाकर्ती)

आज दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, हा धागा मोबाइलवर उघडून. मी सरळ विचारलं: स्कॅनमध्ये काही निघालं तर तुम्ही काय कराल, आणि तेच तीन महिने उशिरा निघालं तर काय वेगळं कराल? ते हसले नाहीत, विचार करून म्हणाले की एखाद्या रुग्णात फरक पडेलही, पण कुणात ते आधी सांगता येत नाही.

ठरलं ते असं. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी स्कॅन, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, कारण नेहमीचा पेट मांडीच्या मध्यावरच थांबतो आणि आमचा डाग टाचेला होता, हे मला आज कळलं. डोक्याचा एमआरआय एकदा आता, पुढे लक्षण दिसलं तर. जांघेची सोनोग्राफी दर चार महिन्यांनी, एकाच ठिकाणी, शक्यतो एकाच व्यक्तीकडून. दोन वर्षांनी पुन्हा बसून ठरवायचं. मी 'स्कॅन कमी' म्हणत आले होते आणि चार स्कॅन घेऊन घरी आले, पर्वतीकाकांनी हसू नये. पहिल्या डॉक्टरांच्या हिशेबाने दोन वर्षांत आठ झाले असते.

चार_बोटं, तुमची पद्धत आईला वाचून दाखवली. आधी लाजली, मग म्हणाली, एवढं सोपं होतं तर कुरपाच्या वेळी कुणी का नाही सांगितलं.

काळी_फिल्म, एक शंका. आई म्हणते, स्कॅनला उपाशीच जायचंय तर संकष्टीची तारीख घे, दोन्ही उपास एकात होतील. चालेल का?

काळी_फिल्म

तारीख चालेल. साबुदाणा, भगर, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू यातलं काहीही चालणार नाही. आधीचे सहा तास फक्त साधं पाणी. मधुमेहाच्या गोळ्यांचं सेंटरला आदल्या दिवशीच फोन करून विचारा, तिथे साखर मोजतात आणि फार वर असेल तर परत पाठवतात. आदल्या दिवशी टेकड्या चढायच्या नाहीत, स्नायूही साखर ओढतात. आणि घरी लहान नातवंड असेल तर त्या संध्याकाळी मांडीवर घ्यायचं नाही.

टाचेवरचा_डाग (धागाकर्ती)

बाकी सगळं मान्य केलं तिने. नातवाचं ऐकून फोन ठेवून दिला.