मदत हवी आहे: लेकीच्या गेम परीक्षणाखाली 'किती पैसे घेतलेस?'

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीला राहतो. माझी लेक दोन वर्षं मराठीत व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितेय. मागच्या आठवड्यात एका गेमला तिने दहापैकी साडेआठ गुण दिले आणि लोक तुटून पडले, 'किती पैसे घेतलेस?' एक रुपयाही नव्हता घेतला. गेमचा कोड (तो टाकला की विकत न घेता गेम खेळता येतो) मात्र कंपनीने फुकट पाठवला होता, ठरलेल्या तारखेआधी काही छापायचं नाही या अटीवर. रात्री दोनपर्यंत जागून ती वहीत टिपणं काढते, गेम कुठे अडकला त्याची वेळसुद्धा लिहिते. ती वही मी पाहिलीय, म्हणून जीव तुटतो.

पण वाचकांचा रागही खोटा नाही. २००७ मध्ये 'केन अँड लिंच' या गेमवर टीका करणाऱ्या परीक्षणानंतर गेमस्पॉट या गेमविषयक वेबसाइटच्या परीक्षकाची, जेफ गर्स्टमनची, नोकरी गेली. त्याच गेमची जाहिरात तिथे झळकत होती. २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा गेम परीक्षकांना आधी फक्त पीसीवर मिळाला. जुन्या प्लेस्टेशनवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) त्याची काय दैना आहे, ते लोकांना पैसे मोजल्यावर कळलं.

फुकट कोडचा उल्लेख तिने पहिल्याच ओळीत करावा, की शेवटी चालतो? जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार इन्फ्लुएन्सरना फुकट मिळालेली वस्तूही उघड करावी लागते. लेखी परीक्षण त्यात बसतं का? आणि जुन्या परीक्षणांत आता तशी टीप जोडली, तर लोक उलट जास्तच संशय घेतील का? ठाणे-नवी मुंबईत कुणी पत्रकारितेत असेल, तर तिच्याशी अर्धा तास बोलाल का?