क्रँकचं मागचं सील पाझरतंय: लीक थांबवणारी बाटली ऑइलमध्ये ओतावी का?

तेलाचा_डाग

२००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १.१ लिटर, चार सिलिंडर, १,१८,००० किलोमीटर झालेत. कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली फरशीवर रुपयाएवढा डाग पडतो. हजार किलोमीटरला साधारण १५० मिली ऑइल वरून घालावं लागतं. धूर नाही, पिकअप ठीक. गॅरेजवाले म्हणतात क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. नाना पेठेत ‘ऑइल लीक बंद’ लिहिलेली ३०० मिलीची बाटली मिळते. ती ओतून बघावी का? गाडी अजून दोनेक वर्षं वापरायची आहे, मग काढायची.

स्पॅनर_१४

बाटलीत नेमकं काय असतं ते आधी बघा, म्हणजे कुठे चालेल ते आपोआप कळेल.

ऑइल सील रबराचं असतं, बऱ्याचदा नायट्राइल किंवा अ‍ॅक्रिलिक. रबर लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं वर्षानुवर्षं उष्णतेने निघून जातात. सीलची लिप (क्रँकला टेकणारी आतली कड) ताठ होते, फिरणाऱ्या क्रँकवर तिची पकड सुटते आणि ऑइल पाझरायला लागतं. चांगल्या बाटलीत एस्टर जातीची द्रव्यं असतात. ती रबरात शिरतात, रबर थोडं फुगतं आणि मऊ पडतं. बस, एवढंच काम.

म्हणजे लिप फाटली असेल, क्रँकवर सीलच्या जागी खाच पडली असेल, सील तिरकं बसलं असेल, किंवा लीक कॉर्क-कागदाच्या पॅकिंगमधून अथवा सिलिकॉन पेस्टच्या सांध्यातून असेल, तर बाटली निरुपयोगी. बऱ्याच नव्या इंजिनांत मागचं सील पीटीएफईचं म्हणजे टेफ्लॉनचं असतं, ते फुगतच नाही.

मात्रा लेबल वाचून ठरवा. ३०० मिली जर ४ ते ५ लिटरसाठी असेल आणि तुमच्या इंजिनात तीन-सव्वातीन लिटर बसत असेल, तर २०० मिली पुरे. जास्त ओतलं म्हणून लवकर थांबत नाही. उलट रबर भसभशीत होतं आणि काही महिन्यांनी लीक आधीपेक्षा वाढतं. बाटली ओतण्याआधी तेवढंच ऑइल कमी करा, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे पातळी जाता कामा नये. नाहीतर क्रँक ऑइलमध्ये घुसळतो, फेस होतो आणि दाब वाढून दुसरीच सीलं गळायला लागतात.

फरक पडायचा असेल तर ५००-८०० किलोमीटरमध्ये दिसतो. हजार झाले आणि डाग तेवढाच, तर दुसरी बाटली विकत घेऊ नका.

आणि दुकानात नीट बघून घ्या. रेडिएटरची गळती बुजवणारी पावडर किंवा चिकट द्रव ही वेगळी वस्तू आहे. ती चुकून ऑइलमध्ये गेली तर चेंबरमधली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातली) स्ट्रेनरची जाळी तुंबेल आणि बेअरिंगं जातील.

घाटवळण

वरचं सगळं बरोबर, पण त्याआधीचा प्रश्न राहिलाच. मागचं सीलच गेलंय हे कशावरून? सांध्याखाली ऑइल दिसलं की मागचं सील असं सांगणं सोपं असतं. ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून गळलेलं ऑइल बेल हाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या आवरणावरून) उतरून नेमकं त्याच जागी टपकतं. ऑइल प्रेशर स्विचचंही तेच. डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या इंजिनांत त्याची ओ-रिंग हा पहिला संशयित.

हे करा. इंजिन थंड असताना बाहेरून डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. अल्टरनेटर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड आधी प्लॅस्टिकने झाकून घ्या. पूर्ण वाळल्यावर टॅपेट कव्हरची कड, हेडची मागची बाजू आणि बेल हाउसिंगचा वरचा भाग यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. १५-२० किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली असेल, तिथे लीक. खाली बघत बसलात तर फसाल.

दुसरं, बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. तो आला तर गळतंय ते गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट सील, आणि इंजिनात काहीही ओतलं तरी त्याला फरक पडणार नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर जायची वाट. पिस्टन रिंगांतून थोडा वायू चेंबरमध्ये येतोच, तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेकला ओढला जातो. व्हॉल्व्ह काजळीने चिकटला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनसुद्धा ऑइल बाहेर ढकललं जातं. गाडी आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. किंचित आत ओढली गेली तर ठीक. टम्म फुगली तर दाब आहे. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, आत खडखड वाजायला हवं. वाजत नसेल तर कार्ब्युरेटर क्लीनरने साफ करा किंवा नवा टाका. नवा व्हॉल्व्ह टाकूनही पिशवी फुगत असेल तर रिंगा झिजल्यात, मग सीलची चर्चाच वेगळी.

तेलाचा_डाग

पावडर आजच आणतो. दरम्यान शेजारच्यांनी दोन उपाय सांगितलेत: थोडं ब्रेक ऑइल इंजिनात टाका, किंवा जाड ऑइल भरा. यातलं काही चालतं का?

स्पॅनर_१४

ब्रेक ऑइल अजिबात नको. ही जुनी गॅरेजची युक्ती आहे आणि लीक कधीकधी थांबतोही, म्हणूनच ती टिकून आहे. ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, ते इंजिन ऑइलमध्ये मिसळत नाही. नायट्राइल रबर त्याने बेसुमार फुगतं, मग कुजल्यासारखं होतं. ग्लायकॉलने गाळ धरतो आणि बेअरिंगवरचा ऑइलचा थर बिघडतो. शंभर मिलीत इंजिनाची वाट.

जाड ऑइलचं बघता येईल, पण मॅन्युअलमध्ये जो पर्याय दिलाय तेवढाच. १० डब्ल्यू ३० सोबत १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० चालतं असं लिहिलं असेल तर पुण्याच्या हवेत थंडीतही अडचण नाही. पाझर थोडा कमी होतो, थांबत नाही. त्यापेक्षा ‘हाय मायलेज’ नावाने येणारं ऑइल घ्या, त्यात सील मऊ ठेवणारी द्रव्यं मोजून घातलेली असतात. मात्रेचा गोंधळ नाही आणि दर सर्व्हिसला तेच भरता येतं.

पाना_पकड

थोडं विषयांतर. कात्रजचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये सोडलेली असते, खाली येऊन पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो, ही तक्रार असेल तर व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरची सीलं) कडक झालेत. बाटलीचा गुण मला तिथे मागच्या क्रँक सीलपेक्षा जास्त वेळा येतो असं वाटतं.

मोटरसायकलमध्ये मात्र गाड्यांसाठीची बाटली ओतू नका. तिथे क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, प्लेटी घसरायला लागतील.

तेलाचा_डाग

पावडरचा निकाल: टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा पूर्ण भिजलाय, तिथून बेल हाउसिंगपर्यंत ओघळ आहे. पिशवी आत ओढली गेली. वास साध्या ऑइलचाच. पण बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातही थोडा ओलसरपणा आहे, म्हणजे आतलंही सील पाझरत असावं का?

घाटवळण

असू शकेल, पण वरचं बंद केल्याशिवाय कळणार नाही. ओघळ सांध्यातून आत शिरून त्या भोकातून बाहेर येऊ शकतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला. सोबत स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलं आणि बोल्टखालची रबरी वॉशरंही घ्या, ती जुनीच ठेवली तर महिन्यात पुन्हा तेच. हेडची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी ब्लेडने ओरखडे पडतात. सिलिकॉन पेस्ट कडेभर फासू द्यायची नाही. फक्त जिथे कोपऱ्यावर सांधा किंवा पायरी आहे तिथे मुगाएवढा ठिपका. जास्तीची पेस्ट आत तुटून पडते आणि स्ट्रेनरला जाऊन बसते. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळायचे. ६ मिमीचे बोल्ट असतील तर १० न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका. ‘अजून थोडं आवळतो’ म्हणणाऱ्याच्या हातून पाना काढून घ्या, कारण कव्हर वाकलं की नवं पॅकिंगही गळतं.

मग पुन्हा धुवा, ३०० किलोमीटर चालवा आणि खालचं भोक बघा. कोरडं असेल तर संपलं. तरीही ओलं असेल, क्लच घसरत नसेल आणि हजार किलोमीटरला १००-१५० मिलीच जात असेल, तर २०० मिली बाटली किंवा हाय मायलेज ऑइल ओतायला हरकत नाही. दोन वर्षांच्या हिशेबात ते परवडतं, फक्त दर रविवारी डिपस्टिक बघायची सवय ठेवा.

क्लच घसरायला लागला किंवा जळका वास आला तर प्लेटवर ऑइल पोचलंय. तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच. सील काहीशे रुपयांचं, मजुरी काही हजारांची. त्यामुळे त्याच खोलाखोलीत क्लच सेट, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं इनपुट सीलही उरकून घ्या. जुनं सील काढल्यावर क्रँकवरून नख फिरवायला सांगा. खाच लागली तर नवं सील आधीच्या जागेपासून एखाद मिलिमीटर पुढेमागे बसवायचं, म्हणजे लिप कोऱ्या भागावर टेकते. खाच खोल असेल तर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवावी लागते. रबरी सीलच्या लिपला बसवण्याआधी ऑइलचं बोट. पीटीएफईचं असेल तर एकदम कोरडं बसवायचं, आणि सोबत आलेल्या सूचनेत सांगितलंय तितका वेळ गेल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.