मदत हवी आहे: वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी) १८.६ आलाय, बायोप्सी लगेच करायची का?

शेळगीकर
वडिलांचा पीएसए १८.६ आलाय, रिपोर्टवर नॉर्मल ४ पर्यंत लिहिलंय. डॉक्टर म्हणतात एमआरआय आणि बायोप्सी (सुईनं प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासणी) लागेल. पाहुणे म्हणतात सुई लावली की कॅन्सर पसरतो. सोलापुरात होईल का पुण्याला न्यावं? लवकर सांगा, सोमवारी परत दाखवायचंय.

लॅबकट्टा
वय किती? लघवी तुंबून नळी घातली होती का? रक्त नळीच्या आधी घेतलं की नंतर? युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते)? गोळ्या कोणत्या? यातलं काहीच न लिहिता नुसता आकडा टाकलाय.

काढेवाला
गोखरूचा काढा सकाळ-संध्याकाळ चालू करा. महिन्यात पीएसए खाली येतो.

लॅबकट्टा
नळी काढल्यावर आणि जंतू गेल्यावर तो तसाही खाली येतो. श्रेय मात्र काढ्याला.

शेळगीकर
वय ७१. हो, लघवी बंद झाली होती, नळी घातली. दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या केल्या त्यातच पीएसए होता. कल्चरमध्ये ई. कोलाय जंतू निघाले. सोनोग्राफीत प्रोस्टेट ७२ ग्रॅम.

आकडेमोड
पीएसए भागिले प्रोस्टेटचं वजन, १८.६ भागिले ७२ म्हणजे पीएसएची घनता ०.२६. ०.१५ च्या वर संशय धरतात. थांबू नका, बायोप्सी करून टाका.

लॅबकट्टा
भागाकार बरोबर, भाज्य चूक. लघवी तुंबली, नळी घातली, त्यात जंतुसंसर्ग. या तिन्हींनी पीएसए वाढतो, म्हणून हा आकडा घनतेच्या हिशोबात धरायचाच नाही. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, कल्चर स्वच्छ येऊ द्या आणि साधारण ६ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए करा. लॅब बदलली की यंत्र बदलतं, मग दोन आकड्यांची तुलना नीट होत नाही. आधीचे दोन दिवस सायकल आणि संबंध बंद.

रोबोट_फॅन
हल्ली रोबोटनं ऑपरेशन होतं. टाके लहान, रक्त कमी जातं.

लॅबकट्टा
अहो, निदान तरी होऊ द्या.

विजापूररोड
६ आठवडे थांबायचा सल्ला सरसकट देऊ नका. गुदद्वारातून बोटानं तपासलं का? गाठ कडक किंवा खडबडीत लागली, किंवा कमरेची हाडं दुखत असतील, तर पीएसए कितीही असो, थांबायचं नाही. पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी इमर्जन्सीत.

लॅबकट्टा
मान्य. तो प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता.

शेळगीकर
बोटानं तपासलंय. प्रोस्टेट मोठी आहे पण मऊ, गाठ नाही म्हणाले. हाडं दुखत नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि डुटास्टेराइडची एकत्र गोळी दोन आठवड्यांपासून चालू आहे. फ्री पीएसए (रक्तातल्या पीएसएचा मोकळा भाग) करू का?

लॅबकट्टा
फ्री पीएसए ४ ते १० च्या मधल्या आकड्याला उपयोगी, १८ ला पैसे वाया. डुटास्टेराइडमुळे साधारण ६ महिन्यांनी पीएसए निम्मा होतो, तेव्हा आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा. पुढे ही गोळी चालू असेल तर प्रत्येक डॉक्टरला सांगा, नाहीतर ३ आला म्हणून सगळे निर्धास्त होतील.

हुतात्मावाला
पुण्याला जायचंच तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी, दुपारची ओपीडी गाठता येते.

विजापूररोड
पुण्याचं नंतर बघा, युरोलॉजिस्ट (मूत्रमार्गाचे डॉक्टर) सोलापुरातही आहेत. दुसऱ्यांदाही पीएसए जास्तच आला तर एमआरआय, आणि तो बायोप्सीच्या आधी. सुया टोचल्या की आत रक्त साकळतं, मग पुढचे काही आठवडे चित्र गढूळ दिसतं. संसर्ग ताजा असतानाही सुजेचा डाग कॅन्सरसारखा दिसू शकतो. सेंटरवर नुसतं ‘पोटाचा एमआरआय’ सांगू नका, ‘प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या, कारण चित्र उठून दिसायला शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देतात. पेसमेकर किंवा कृत्रिम खुबा असेल तर आधीच सांगा. रिपोर्टात पाय-रॅड्स, म्हणजे कॅन्सरच्या संशयाची पातळी, १ ते ५ असतं. ४-५ ला बायोप्सी, १-२ ला बहुधा टळते, ३ ला घनता बघून ठरवतात.

शेळगीकर
आणि सुईनं पसरतो ते?

विजापूररोड
त्या भीतीनं बायोप्सी टाळायचं कारण नाही. खरा धोका जंतूंचा. गुदद्वारातून घेतली तर तिथले जंतू रक्तात जाऊ शकतात, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून घेतली तर तो धोका कमी. दोन्ही पर्याय विचारा. नंतर लघवीत थोडं रक्त काही दिवस, वीर्यात काही आठवडे दिसतं, त्याला घाबरू नका. पण १००.४ च्या वर ताप किंवा थंडी वाजली तर घरी पॅरासिटामॉल देऊन बसायचं नाही, तडक अॅडमिट.

आकडेमोड
बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक त्याचा आकडा) ६ आला तर?

लॅबकट्टा
३+३, म्हणजे ग्रेड ग्रुप १, सगळ्यात सौम्य. बऱ्याच जणांना त्यात नुसती देखरेख पुरते. शेळगीकर, वडिलांना रक्त पातळ करायची गोळी आहे का? तेवढं सांगा.

शेळगीकर
क्लोपिडोग्रेल आहे. मागच्या वर्षी स्टेंट टाकलाय. हे सांगायला पाहिजे होतं का?

लॅबकट्टा
सगळ्यात आधी! सोमवारी स्टेंटची फाइल बरोबर न्या. बायोप्सी ठरलीच तर गोळी किती दिवस बंद ठेवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि युरोलॉजिस्ट मिळून ठरवतील. तोवर स्वतःहून एक डोससुद्धा चुकवू नका.