सल्ला हवा: अख्खा कोडबेस एआयला वाचायला द्यायचा तर कमांड लाइनवरचं कोणतं टूल बरं?

कुर्ला_टर्मिनल
मंडळी, अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं आमचं सॉफ्टवेअर. मागे जँगो, पुढे रिअॅक्ट, लाखभर ओळींचा पसारा, आणि ज्यांनी लिहिलं ते सगळे केव्हाच पेपर टाकून गेलेले.

ऑफिसने चॅटबॉटचं पेड अकाउंट दिलंय, पण ब्राउझरमधलंच. लॅपटॉपवर एजंट वगैरे काही बसवायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय. त्यामुळे फाइल उघड, कॉपी कर, पेस्ट कर, पुढची उघड, असं चाललंय. परवा नॉन ऑक्युपन्सी चार्जेसचं (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी लावते ते शुल्क) गणित तपासायला दिलं. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावायचं नाही, हा सरकारचा २००१ पासूनचा नियम. चॅटबॉटने सुबक फंक्शन लिहून दिलं, पण १० टक्के काढले अख्ख्या मेंटेनन्सवर, सिंकिंग फंड नि पार्किंग धरून. सेवा शुल्कात काय काय धरायचं हे आमच्याकडे तिसऱ्याच फाइलीत आहे, आणि ती त्याच्या समोर नव्हती.

तर असं टूल सुचवा जे फोल्डर घेईल, नको ते गाळेल आणि एकच मजकूर बनवून देईल. फुकट हवं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (आतल्या आत लिनक्स चालवायची सोय) आहे. कोड तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर जाता कामा नये.

भांडुपचा_पोपट
रेपोमिक्स. डोळे मिटून. आधी याचंच नाव रेपोपॅक होतं, जुन्या व्हिडिओत तेच दिसेल. नोड असेल तर इन्स्टॉलही करावं लागत नाही, फोल्डरमध्ये उभं राहून ‘एनपीएक्स रेपोमिक्स’ म्हणा. सगळ्या फाइली एका एक्सएमएलमध्ये येतात, वर फोल्डरची रचना, खाली प्रत्येक फाइल तिच्या पाथसकट. सगळं तुमच्याच मशीनवर होतं. शेवटी कुठल्या फाइलीने किती टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) खाल्ले ते सांगतं, हा मला सर्वात उपयोगी भाग वाटतो. सिक्रेटलिंट (गुप्त की शोधणारं टूल) आत बसवलेलं आहे, त्यामुळे एखादी एपीआय की राहिली असेल तर ओरडतं.

सेमीकोलन_काकू
रेपोमिक्स चांगलंच आहे, पण तुमच्या कामाला मी फाइल्स-टू-प्रॉम्प्ट सुचवेन. सायमन विलिसन यांनी २०२४ मध्ये लिहिलेलं, पायथनचं, अगदी लहान. जँगोवाल्यांकडे पिप (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) असतंच. ‘फाइल्स-टू-प्रॉम्प्ट बिलिंग डॅश ई पीवाय’ म्हटलं की बिलिंग फोल्डरातल्या फक्त पायथन फाइली टर्मिनलवर ओतल्या जातात. पुढे पाइप लावून काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. डॅश सी दिलं तर प्रत्येक फाइलीभोवती एक्सएमएल टॅग येतात, क्लॉडला तसं मानवतं. डॅश एन दिलं तर ओळींचे क्रमांक येतात, मग ‘ओळ अमुक बघा’ असं उत्तर मिळतं.

गिटइग्नोर (गिटने कुठल्या फाइली धरायच्या नाहीत त्याची यादी) ते आपणहून पाळतं आणि डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली घेत नाही, म्हणजे डॉट ईएनव्ही सहसा बाहेर राहते. पण रिअॅक्टच्या फोल्डरवर चालवताना सांभाळून. पॅकेज-लॉक ही फाइल गिटमध्ये कमिट केलेली असते, गिटइग्नोर तिला अडवत नाही. ती हजारो ओळींची फाइल अख्खी आत येते आणि तिचा उपयोग शून्य. ‘डबल डॅश इग्नोर’ लावून ती हाताने काढायची. रेपोमिक्स अशा लॉक फाइली मुळातच वगळतं, हे पोपटरावांच्या बाजूने सांगते.

जुनं_खोड
एवढ्यासाठी टूल कशाला बसवायचं? गिट एलएस-फाइल्सने यादी काढा, ग्रेपने गाळा, प्रत्येक फाइलीचं नाव छापा, खाली कॅटने तिचा मजकूर. चार ओळींची शेल स्क्रिप्ट. गिटमध्ये नसलेलं काही येतच नाही. आजकालच्या पोरांना कॅट चालवायलाही पॅकेज लागतं.

भांडुपचा_पोपट
आलं खोड! अहो, टोकन कोण मोजणार? मधेच एखादा पीएनजी कॅट झाला की टर्मिनलवर मोडी लिपी उमटते, ते कोण निस्तरणार?

जुनं_खोड
डब्ल्यूसी डॅश सी. आलेल्या आकड्याला चारने भागायचं. इंग्रजी मजकुराला अंदाज पुरेसा जमतो.

सेमीकोलन_काकू
इंग्रजीला जमतो, मराठीला नाही. एकतर डब्ल्यूसी डॅश सी बाइट मोजतं आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. त्यात टोकनायझर मराठी शब्दांचे बारीक तुकडे करतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा मराठीचे टोकन जुन्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशावर आले, तरी इंग्रजीची बरोबरी नाहीच. कुर्लाकर, तुमच्या बिलांच्या टेम्प्लेटमध्ये मराठी भरलेलं असणार. ती लागणार नसतील तर वगळाच.

ऐरोली_साइडिंग
कोड२प्रॉम्प्टचं नाव कोणीच घेतलं नाही? रस्टमध्ये लिहिलेलं, वेगवान. खरी मजा टेम्प्लेटची. हँडलबार्सचं टेम्प्लेट एकदा लिहून ठेवलं की ‘या फाइली बघ आणि टेस्ट लिही’, ‘हा डिफ (कोडमधले बदल) बघ आणि चुका काढ’ हे दरवेळी टाइप करायला नको. गिट डिफही सोबत जोडता येतो. आमच्या टीममध्ये रिव्ह्यूला हेच वापरतो.

गिटइन्जेस्टही आहे. गिटहबच्या पत्त्यातल्या ‘हब’च्या जागी ‘इन्जेस्ट’ लिहिलं की ब्राउझरमध्येच मजकूर तयार. ओपन सोर्स लायब्ररी समजून घ्यायला झकास. मात्र कंपनीच्या कोडसाठी ती वेबसाइट नको. त्याचं कमांड लाइनवरचं रूप पिपने मिळतं, ते आपल्या मशीनवर चालतं.

कुर्ला_टर्मिनल
धन्यवाद सगळ्यांना. काल लोकलमध्ये बसायला जागा मिळाली म्हणून घरी पोचेपर्यंत रेपोमिक्स चालवून पाहिलं. अख्ख्या रेपोचं जे निघालं ते चॅटबॉटच्या खिडकीत मावेना. मग ‘कॉम्प्रेस’ लावलं. फाइल एकदम आटोपशीर झाली, पण फंक्शनच्या पोटात काही उरलं नाही, नुसती नावं. हे असंच असतं का?

भांडुपचा_पोपट
असंच असतं. कॉम्प्रेस म्हणजे ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारं पार्सर) लावून फंक्शन, क्लास, त्यांच्या सिग्नेचर (नाव नि पॅरामीटरची ओळ) एवढंच ठेवतं, बाकी सोलून काढतं. ‘या प्रोजेक्टमध्ये काय कुठे आहे’ विचारायला उत्तम. ‘गणित कुठे चुकलं’ विचारायला निरुपयोगी, कारण गणित पोटातच असतं.

सेमीकोलन_काकू
म्हणून दोन फेऱ्या करा. आधी कॉम्प्रेस केलेला नकाशा द्या आणि विचारा, नॉन ऑक्युपन्सीचा हिशेब समजून घ्यायला तुला कुठल्या फाइली पूर्ण बघाव्या लागतील? तो यादी देईल. त्या यादीवर आंधळा विश्वास नको, सोबत तुम्ही स्वतः रिपग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारा, फंक्शनचं नाव कुठे कुठे येतं ते बघा. तुमची ती तिसरी फाइल अशानेच सापडते. मग नव्या चॅटमध्ये तेवढ्याच फाइली, पूर्ण. त्यांच्या टेस्ट असतील तर त्याही टाका. नियम काय आहे हे टेस्टमध्ये जितकं स्पष्ट असतं तितकं कोडमध्ये नसतं.

खिडकी मोठी आहे म्हणून भरायची नाही. क्लॉडला लाखो टोकन चालतात, जेमिनी १.५ प्रोपासून गूगलने १० लाखांवर नेले, सगळं खरं. पण २०२३ मध्ये ‘लॉस्ट इन द मिडल’ नावाचा शोधनिबंध आला होता. लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेल नीट उचलतात, मधलं निसटतं, असं त्यात दिसलं. मॉडेल तेव्हापासून सुधारलीत, तरी शंभर फाइलींत तुमची एक फाइल दडवून ठेवण्यात काय अर्थ? आणि प्रश्न कोडच्या खाली लिहा, वर नको.

फोर्टातला_हमाल
टूल कुठलंही घ्या, पण एक सांगतो. सिक्रेटलिंट की पकडतं, माणसं पकडत नाही. सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्टसाठी म्हणून कुणीतरी खऱ्या सभासदांची यादी फिक्स्चरमध्ये, म्हणजे नमुना डेटाच्या फाइलीत, टाकलेली असते. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, पॅन. एका जुन्या नोकरीत अशी जेसन फाइल मी डोळ्यांनी पाहिलीय, आणि ती वर्षानुवर्षं रेपोत सुखाने नांदत होती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ठाऊक असेलच. फिक्स्चर, एसक्यूएल डंप, लॉग हे सगळं रेपोमिक्सइग्नोर फाइलीत पहिल्या दिवशी घाला. पेस्ट करण्याआधी दहा आकडी नंबरांवर एकदा ग्रेप मारा. आणि कोड बाहेरच्या एआयला द्यायला क्लायंटच्या करारात मुभा आहे का, हे साहेबांकडून ईमेलवर घ्या. तोंडी ‘चालतंय की’ नंतर कोणाला आठवत नाही.

जुनं_खोड
+१. या एका प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली.

ऐरोली_साइडिंग
बाहेर जायलाच नको असेल तर ओलामावर (आपल्याच मशीनवर मॉडेल चालवणारं टूल) क्वेनचं कोडर मॉडेल चालवा. ओलामाचा डीफॉल्ट कॉन्टेक्स्ट (एका वेळी मावणारा मजकूर) लहान असतो, तो सेटिंग वाढवून घ्यावा लागतो. नाहीतर जास्तीचा मजकूर गुपचूप कापला जातो आणि उत्तर मात्र आत्मविश्वासाने येतं. रॅम भरपूर हवी, ऑफिसच्या साध्या लॅपटॉपला पंखा लागेल.

गिरगावकर_आजोबा
विषयांतराबद्दल क्षमस्व. आमच्या फ्लॅटमध्ये लग्न झालेली मुलगी राहते. सोसायटी तरीही नॉन ऑक्युपन्सी लावते. तुमचं सॉफ्टवेअर हेच करतं का?

कुर्ला_टर्मिनल
आजोबा, नाही. लग्न झालेली मुलगी राहत असेल तर लावता येत नाही, तशी सूट त्याच २००१ च्या आदेशात आहे. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

काकू, तुमच्या दोन फेऱ्यांनी काम झालं. नकाशा दिल्यावर त्याने चार फाइली मागितल्या, रिपग्रेपने पाचवी दिली, आणि पाचवीतच सेवा शुल्काची व्याख्या होती. यावेळी १० टक्के बरोबर रकमेवर लागले. नकाशाला रेपोमिक्स, निवडक फाइलींना फाइल्स-टू-प्रॉम्प्ट असं ठरवलंय. फिक्स्चर बाहेर काढली, त्यात खरोखरच मोबाइल नंबर होते. साहेबांना ईमेल गेलाय, उत्तराची वाट बघतोय, तोवर फक्त आमच्या डेमो सोसायटीचं मॉड्यूल.

एकच अडचण. डब्ल्यूएसएलमधून क्लिप डॉट ईएक्सईला (क्लिपबोर्डवर कॉपी करणाऱ्या कमांडला) पाइप केलं की कोडमधल्या मराठी कॉमेंटचा चिवडा होतो.

सेमीकोलन_काकू
क्लिपला यूटीएफ-८ कळत नाही. मधे आयकॉन्व्ह (एन्कोडिंग बदलणारी कमांड) घाला, डॅश टी यूटीएफ-१६एलई, आणि मग क्लिप.

कुर्ला_टर्मिनल
झालं. ‘थकबाकी’ आता थकबाकीच दिसते.