‘सेल्फ डाउट’ला मराठीत काय म्हणायचं? (आत्या ‘न्यूनगंड’ म्हणाली आणि मला राग आला)

रात्रपाळी
मंडळी, एक शब्द हवाय.

गणपतीत सांगलीला आत्याकडे गेलो होतो. जेवणं उरकल्यावर ती वाती वळत बसली होती. मला म्हणाली, “तुझं काय चाललंय ते एकदा नीट सांग.” माझं वय २९. चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेला तीन वर्षं लाइट्स केले आणि तेव्हापासून डोक्यात प्रकाशयोजनाच आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातल्या नाटकाच्या कोर्सचा फॉर्म बघतो, माहिती उतरवून घेतो, आणि भरत नाही. हे एक. दुसरं म्हणजे आमच्याच टीममध्ये साउंड करणारी एक मुलगी. अजून भेटतो, चहा पितो, नाटकं बघतो. पण पुढचं वाक्य काही तोंडातून निघत नाही.

हे सगळं आत्याला कसं सांगणार? म्हणालो, “सेल्फ डाउट आहे गं.” ती म्हणाली, “म्हणजे?” आणि मला सांगताच येईना. मग तीच म्हणाली, “म्हणजे न्यूनगंड होय रे?” तर मी चिडलो. बिचारीने सहज विचारलं होतं.

शब्दकोशी शब्द मलाही सुचतात. आत्मशंका, आत्मसंशय वगैरे. पण “मला आत्मशंका आली” असं कोण म्हणतं? घरात बोलता येईल असा शब्द सांगा.

रिकामटेकडा
आत्मशंकेपेक्षा लघुशंका बरी. निदान तिचं निरसन तरी होतं.

खडूफळा
वरचा विनोद माझ्या शाळेत दरवर्षी नवीन तुकडी नव्याने करत असे, त्यामुळे सोडून देतो.

रात्रपाळी, तुम्ही चिडलात ते बरोबर आहे. ‘न्यूनगंड’ फोडून बघा. गंड म्हणजे सूज, गाठ. गळ्याला गाठी येतात ती गंडमाळा. म्हणजे न्यूनगंड हा शब्दच एखाद्या दुखण्यासारखा बेतलेला आहे. ही संकल्पना आल्फ्रेड अॅडलर या व्हिएन्नाच्या डॉक्टरची. गंमत म्हणजे तो स्वतः दोन गोष्टी वेगळ्या ठेवत असे. आपण लहान आहोत, कमी आहोत असं वाटणं प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतं, आणि त्याच्याच जोरावर माणूस धडपडतो. ते वाटणं साचून बसलं आणि धडपडच थांबली, की मग गंड. मराठीत आपण पहिल्याला ‘न्यूनभाव’ म्हणू शकलो असतो, पण सरसकट गंडच म्हणत सुटलो. परीक्षेआधी पोटात गोळा आला तरी न्यूनगंड, कुणी समारंभात कोपऱ्यात उभा राहिला तरी न्यूनगंड.

‘न्यून’ हा शब्द मात्र फार चांगला आहे हो. त्यातला ‘ऊन’ म्हणजे कमी. तोच ‘उणा’, ‘उणीव’, ‘उणंदुणं’मध्ये आहे. तोच एकोणीसमध्ये. एक-ऊन-वीस, विसाला एक उणा. तुम्ही एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे. आपल्या भाषेत वय मोजतानासुद्धा पुढच्या दशकाला किती कमी पडतंय ते बघतात, मग तुमचं काय चुकलं?

आणि विशीही न गाठलेल्या ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना विनवलंय, ‘न्यून तें पुरतें, अधिक तें सरतें’ करून घ्या म्हणून. न्यून आहे हे कबूल, पण त्यापायी बोलायचं थांबलेले नाहीत. तिथे गंड कुठे आहे?

वऱ्हाडी ठेचा
मास्तर, सुंदर. पण त्या पोराला शब्द पाहिजे आहे.

आमच्याकडे सरळ ‘कच खाल्ली’ म्हणतात. ‘कचरला’ असंही. माझी आई माझ्याबद्दल म्हणायची, “हे पोरगी ऐनवेळी कच खाते.”

खडूफळा
कच खायला आधी पुढे यावं लागतं, ताई. मैदानात उतरून माघारी फिरला तो कच खातो. रात्रपाळी अजून तंबूतच आहेत.

वऱ्हाडी ठेचा
हे मात्र खरं आहे 😄 मग ‘अवसान नाही’ म्हणा. उसनं अवसान आणता येतं, आणलेलं गळतं, अगदीच वाईट म्हणजे अवसानघात होतो. तेच अवसान संस्कृतात गेलं की ‘शेवट’. आपल्याकडे बळ, तिकडे अखेर. एका शब्दाला किती तोंडं असावीत!

मांडवीकाठ
गोव्यातून लिहिते. कोंकणीत शंकेला ‘दुबाव’ म्हणतात. मला तो ऐकताना नेहमी ‘दोन भाव’ ऐकू येतात. मराठीत ‘द्विधा’ आहेच. इंग्रजी ‘डाउट’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचंही नातं ‘दोन’शीच लावतात. जर्मन भाषेत दोनला ‘ट्स्वाय’ आणि शंकेला ‘ट्स्वाइफेल’. म्हणजे शंका म्हटली की सगळीकडे माणूस दोन वाटांच्या तोंडाशी उभा. त्यामुळे माझं मत ‘द्विधा’ला.

(द्विधा, त्रिधा, शतधा आणि आपला रोजचा ‘बहुधा’ हे एकाच साच्यातले. ‘बहुधा येईन’ म्हणणारा माणूस मुळात अनेक प्रकारांनी येणार असतो, म्हणून तो येत नाही.)

रात्रपाळी
द्विधा जवळ जातं, पण माझं तसं नाही. द्विधा म्हणजे हे करू की ते करू. मला काय करायचंय ते पक्कं माहीत आहे. तिला विचारायचंय आणि फॉर्म भरायचाय. वाट एकच आहे. मी त्या वाटेवर चालणारा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी घंटा
मग तुम्ही भिडस्त आहात. भीड! मराठीतल्या सगळ्यात कमी कौतुक झालेल्या शब्दांपैकी एक. भीड म्हणजे भीती नव्हे आणि लाजही नव्हे. समोरच्याला अडचणीत टाकू नये, त्याला नको म्हणायची वेळ आपल्यामुळे येऊ नये, ही काळजी म्हणजे भीड. चहाच्या टपरीवर ती हसत बसलेली असताना आपण काहीतरी बोलून तो चहाच नासवू, असं वाटतं ना? ती भीड. उसने दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, तीही भीडच. म्हणून तर ‘भीड ही भिकेची बहीण’.

पण फॉर्मची कसली भीड? फॉर्म काही चहा पीत नाही. तिथे हा शब्द चालणार नाही, मान्य.

पोस्टाची पेटी
माझ्या मुलीच्या तोंडी हल्ली ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ असतं. नोकरी लागली, बढती मिळाली, तरी तिला वाटतं की कधीतरी आपण पकडले जाणार. त्याला काय म्हणाल? १९७८ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही कल्पना मांडली, तीही कर्तबगार बायकांवरच्या अभ्यासातून. त्यांनी ‘सिंड्रोम’ म्हटलंच नव्हतं, नुसती एक अनुभवाची गोष्ट म्हणून सांगितली होती. दुखणं पुढे लोकांनी चिकटवलं. न्यूनगंडासारखंच झालं म्हणायचं.

खडूफळा
इम्पोस्टरला मराठीत खणखणीत शब्द आहे. तोतया! १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे एक माणूस ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. कोकणात त्याने चांगलंच बंड माजवलं. शेवटी १७७६ मध्ये पेशव्यांनी त्याला मृत्युदंड दिला.

पण तुमच्या लेकीची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे बघा. तोतयाला आतून ठाऊक होतं की आपण भाऊ नाही, आणि तरी त्याने माणसं जमवली, किल्ले घेतले. तुमची लेक खरोखरची भाऊसाहेब आहे, आणि तिला वाटतंय की आपण तोतया. त्या माणसाचा आत्मविश्वास आणि हिची लायकी कुणी एकत्र केली असती तर पानिपतही जिंकलं असतं.

पोस्टाची पेटी
हे तिला वाचून दाखवलं. हसली. मग म्हणाली, “पण तोतयासुद्धा असंच म्हणेल ना, की मी खरी आहे?” आता काय बोलायचं!

तिसरी घंटा
विषय भरकटायच्या आत. मला वाटतं आपण नाम शोधतोय हीच गडबड आहे. एखादं वाटणं नामात बसवलं की ते कायमचं मुक्कामाला येतं. न्यूनगंड ‘असतो’. आत्मशंका ‘असते’. आजी-आत्या या वाटण्याला नाम देत नसत, क्रियापदात सांगत. आणि ते क्रियापद आपण सगळे दिवसातून दहादा वापरतो. जमणे.

“मला जमेल का?”

ढग जमतात, गर्दी जमते, म्हणजे एकत्र येणं. मग भाकरी जमते, पोहणं जमतं, मैफल जमते. रात्रपाळी, तुमच्या कामातही ‘आजचा प्रयोग जमला’ म्हणतातच. लाइटचा क्यू अर्धा सेकंद उशिरा पडला तर सगळं असून जमत नाही. आणि मग ‘त्यांचं जमलंय’! दोघांचं जुळलं, घरच्यांना अजून माहीत नाही, पण गल्लीला माहीत आहे. शेवटी ‘लग्न जमलं’. करिअरची धाकधूक आणि प्रेमाची धाकधूक यांना इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं लागतात. मराठीत एकच पुरतं. जमेल का?

त्यात आणखी एक बारकावा आहे. “मी करू शकेन का?” यात सगळा भार ‘मी’वर आहे. मी कमी पडलो तर संपलं. “मला जमेल का?” यात मी कर्ता नाहीच. जमणारी गोष्ट कर्ता आहे, आणि ती माझ्याकडे येऊन जमायची आहे. भाकरी पहिल्या दिवशी जमत नाही. त्यात पिठाचा दोष असतो, तव्याचा असतो, पाणी थंड होतं. कुणी पोरीला न्यूनगंड आहे म्हणत नाही. म्हणतात, “जमेल हळूहळू.”

वऱ्हाडी ठेचा
“न जमायला काय झालं!” हे माझ्या आईचं वाक्य. त्यात दटावणी किती आणि धीर किती हे आजपर्यंत कळलेलं नाही.

मांडवीकाठ
मी ‘द्विधा’ मागे घेते.

खडूफळा
तिसरी घंटा, मुजरा. यात थोडी भर घालतो, कारण व्याकरण शिकवताना हा धडा मला फार आवडायचा आणि मुलांना अजिबात नाही. शक्य क्रियापद. “मला चालवतं.” “आजोबांना आता जिना चढवत नाही.” नुसता ‘व’ घातला की क्रियापदात माणसाच्या आतल्या बळाचा हिशोब येतो.

आता रात्रपाळींच्या चहाकडे या. ‘बोललो नाही’, हा निर्णय झाला. ‘बोलता आलं नाही’, कदाचित टपरीवर गर्दी असेल, तिचा फोन वाजला असेल. ‘बोलवलं नाही’, गर्दी नव्हती, फोन नव्हता, ती समोर बघत होती आणि शब्द घशापर्यंत आले होते. तुम्ही म्हणताय तो सेल्फ डाउट या एका ‘व’मध्ये आहे. बोलवेना, विचारवेना, फॉर्मवर सही करवेना. यात तुम्ही कमी आहात असं म्हटलेलंच नाही. आत्ता होत नाही, एवढंच म्हटलंय.

रिकामटेकडा
मास्तर, धोका आहे. “मला बोलवलं नाही” म्हणालो तर लोक समजतात आमंत्रण आलं नाही.

आणि रात्रपाळी, ऐक. आत्ता ‘बोलवेना’ म्हणत बसलास, तर पुढे तिच्या लग्नाला बोलवतील आणि तुला जाववणार नाही.

वऱ्हाडी ठेचा
अरे बाप्पा. हा माणूस धाग्यात पहिल्यांदा कामाचं बोलला.

पोस्टाची पेटी
जरा वेगळं मत. ‘जमेल का’ गोड आहे, पण त्यात पळवाटही आहे. “बघू, जमलं तर” हे मराठीतलं सगळ्यात सभ्य ‘नाही’ आहे. मी स्वतः चित्रकलेच्या बाबतीत तीस वर्षं तेच म्हणत आले. गोष्ट येऊन जमायची असते हे खरं, पण मी पाटच मांडला नव्हता. तेव्हा कुणी तोंडावर “घाबरतेस तू” म्हणालं असतं तर बरं झालं असतं. कधी कधी कठोर नामच लागतं.

तिसरी घंटा
याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘जमलं तर’ आणि ‘जमेल का’ यांत फरक आहे एवढंच म्हणेन. पहिल्यात पूर्णविराम आहे, दुसऱ्यात प्रश्नचिन्ह.

रात्रपाळी
काल पाळी सुटल्यावर आत्याला फोन केला. चिडल्याबद्दल माफी मागितली. म्हणालो, “आत्या, न्यूनगंड नाही गं. जमेल का असं वाटतं.”

“काय जमेल का?”

“एक कोर्स आहे नाटकाचा. आणि एक मुलगी आहे.”

थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “दोन्ही एकदम कशाला काढतोस? फॉर्मची शेवटची तारीख काय?” म्हटलं, यंदाची गेली. तर म्हणे, “मग फॉर्मचं पुढल्या वर्षी बघू. मुलीला कुठे शेवटची तारीख असते?” आणि लगेच स्वतःच म्हणाली, “असते म्हणा.”

सगळ्यांचे आभार. माझ्यापुरता शब्द मिळाला.

रिकामटेकडा
आभार राहू देत. आज संध्याकाळी चहाला भेटलास का तिला?

रात्रपाळी
भेटलो.

वऱ्हाडी ठेचा
मग??

रात्रपाळी
बोलवेना.